वानुआतूचा ३० जुलै आणि आपलं ‘आपण’

सागरगोटा

आज ३० जुलै, वानुआतूचा स्वातंत्र्यदिन. दरवर्षी या दिवशी मी केवड्याच्या जातीच्या पानांची विणलेली एक लाल चटई कपाटातून काढते, बैठकीत अंथरते आणि नारळाच्या दुधात काहीतरी शिजवते. नवऱ्याच्या कामानिमित्त २०१७ आणि २०१८ अशी दोन वर्षं आम्ही तिथल्या राजधानीत, पोर्ट व्हिलात राहिलो. परत आल्यापासून एक गोष्ट लिहीन लिहीन म्हणत राहून गेली होती. ती मराठी माणसाला चटकन कळेल असं मला वाटतं, म्हणून इथे लिहिते आहे.

आधी देशाची ओळख. ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेला, फिजीच्या अलीकडे ऐंशीच्या आसपास बेटं आहेत. नकाशावर पाहिली तर इंग्रजी वाय अक्षरासारखी मांडलेली दिसतात. वस्ती तीन लाखांच्या घरात, आणि एवढ्याशा लोकांत भाषा शंभराहून जास्त. बोली नव्हेत, भाषा! डोंगराच्या अलीकडच्या गावाचं बोलणं पलीकडच्या गावाला कळेलच असं नाही. लोकसंख्येच्या मानाने इतक्या भाषा जगात दुसऱ्या कुठल्याच देशात नाहीत.

मग ही माणसं एकमेकांशी बोलतात कशी? बिस्लामात. या भाषेचा जन्म सुखाचा नाही. एकोणिसाव्या शतकात युरोपीय जहाजं चंदनासाठी आणि समुद्रकाकडी नावाच्या समुद्रजीवासाठी या बेटांवर यायला लागली. समुद्रकाकडीच्या फ्रेंच नावावरूनच ‘बिस्लामा’ हा शब्द आला. नंतर जहाजं माणसांसाठी यायला लागली. १८६३ ते १९०४ या काळात या आणि आसपासच्या बेटांवरून हजारो माणसं ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडच्या उसाच्या मळ्यांवर नेली गेली. काही करार करून, काही फसवून, काही सरळ पळवून. वेगवेगळ्या बेटांवरची, एकमेकांची भाषा न कळणारी माणसं एका फडात ऊस तोडायला उभी राहिली. त्यांनी मुकादमाच्या इंग्रजीतले शब्द घेतले आणि ते आपापल्या घरच्या भाषांच्या व्याकरणात बसवले.

आता मुद्द्याची गोष्ट. त्या घरच्या भाषांमध्ये ‘आपण’ आणि ‘आम्ही’ वेगळे आहेत. इंग्रजीत दोन्हीला एकच शब्द, हिंदीतही ‘हम’ एकच. या लोकांचं एका शब्दात भागेना. म्हणून त्यांनी इंग्रजीच्याच तुकड्यांतून दोन शब्द घडवले. ‘यू’ आणि ‘मी’ मिळून युमी, म्हणजे तू धरून आपण सगळे. आणि मिफला, म्हणजे तुला सोडून आम्ही. (स्वतःला ते ‘मी’च म्हणतात! पहिल्या दिवशी बाजारात हे ऐकलं तेव्हा मी चमकून मागे वळून पाहिलं होतं.)

वानुआतूच्या राष्ट्रगीताचं नाव आहे ‘युमी, युमी, युमी’. इंग्रजी पुस्तकांत त्याचं भाषांतर ‘आम्ही, आम्ही, आम्ही’ या अर्थाने होतं आणि त्यातला जीवच जातो. ते आहे ‘आपण, आपण, आपण’. देशाचं बोधवाक्यही ‘लाँग गॉड युमी स्टानाप’, देवाच्या आधाराने आपण उभे आहोत. यातही युमीच.

या ‘आपण’ची किंमत कळायची तर १९८०च्या आधीचं पाहावं लागतं. १९०६पासून ही बेटं ब्रिटन आणि फ्रान्स या दोघांची मिळून एक वसाहत होती. नाव न्यू हेब्रिडीज. दोघांनी राज्य वाटून घेतलं नाही, एकावर एक रचलं. दोन पोलीस दलं, दोन तुरुंग, दोन प्रकारच्या शाळा, दोन प्रकारची इस्पितळं. संयुक्त न्यायालयाचा अध्यक्ष कोणत्याच बाजूचा नको म्हणून तो स्पेनच्या राजाने नेमायचा. या सगळ्यात बेटावरचा माणूस कुठे होता? तो ना ब्रिटिश नागरिक, ना फ्रेंच. आपल्याच मातीवर त्याला नागरिकत्व नव्हतं. एका कुटुंबातला एक मुलगा इंग्रजी शाळेत गेला आणि दुसरा फ्रेंच शाळेत, की दोघांचं जग वेगळं व्हायचं. इंग्रजी शाळावाले एका पक्षात, फ्रेंचवाले दुसऱ्या, असं राजकारणही पुढे त्याच रेषेवरून चिरलं गेलं.

३० जुलै १९८०ला हे संपलं. पेन्टेकॉस्ट बेटावरचे अँग्लिकन धर्मगुरू वॉल्टर लिनी पहिले पंतप्रधान झाले. त्यांना आजही सगळे फादर लिनी म्हणतात आणि २१ फेब्रुवारी, त्यांचा स्मृतिदिन, तिथे सुट्टीचा असतो. ‘वानुआ’ म्हणजे भूमी आणि ‘तू’ म्हणजे उभं राहणं. उभी असलेली भूमी, असं देशाचं नाव ठेवलं.

झेंडा बघा कधीतरी. लाल, हिरवा, काळा आणि मधून पिवळा वाय. डाव्या काळ्या त्रिकोणात डुकराचा पूर्ण गोल वळलेला सुळा आणि त्याच्या आत नामेलेची दोन पानं, एकमेकांवर आडवी. आपल्याकडे बागेत सायकस लावतात, त्याच जातीचं हे झाड. पानांच्या पात्या मोजल्या तर ३९ भरतात. पहिल्या विधिमंडळात तेवढे सदस्य होते.

पोर्ट व्हिलात सकाळी इंडिपेंडन्स पार्कवर ध्वजवंदन होतं. देशाला लष्कर नाही, पोलीस आणि निमलष्करी मोबाईल फोर्स संचलन करतात. भाषणं होतात. ती झाली की खरा दिवस सुरू होतो. बांबू आणि नारळीच्या झापांच्या खोपटांत खाण्याचे ठेले लागतात, मुलांच्या गालांवर झेंडा रंगवलेला असतो, कुठे पारंपरिक नाच, कुठे फुटबॉल, आणि सगळीकडे स्ट्रिंगबँड. युकुलेली, गिटार, खोक्याला काठी आणि दोरी लावून केलेला बास, आणि पुरुषांनी अगदी उंच, पातळ आवाजात गायलेली गाणी. बायका ‘आयलन ड्रेस’ घालतात. सैल झगा, बाजूंना पंखांसारखे लोंबते पदर, लेस, फिती आणि डोळे दिपवणारे रंग. हे सगळं एका दिवसात आटपत नाही. २४ जुलैला बालदिनाची सुट्टी असते, तेव्हापासूनच गावाला सणाची हवा लागते.

आमच्या शेजारी आंबाए बेटावरची एक बाई राहायची. वयाने मोठी, म्हणून सगळे तिला मामा म्हणत. तिकडे मामा म्हणजे आई. २०१७च्या २९ जुलैला ती कुंपणापलीकडून म्हणाली, “तुमोरो मिफला इ गो लाँग पाक.” उद्या आम्ही पार्कात जाणार आहोत. तिने प्रेमाने सांगितलं होतं. आम्ही येऊन तीनच महिने झाले होते. पण ते ‘मिफला’ मला लख्ख ऐकू आलं. मराठी कानाला ते ऐकू येणारच.

---

ओसरी

फार सुंदर धागा. ‘आपण-आम्ही’ फक्त मराठीत नाही हं, गुजरातीत ‘आपणे’ आणि ‘अमे’ आहे, तेलुगूत ‘मनम’ आणि ‘मेमु’. तमिळमध्येही आहे. आपल्याकडे हा भेद द्राविडी भाषांच्या शेजारातून आला असावा, असं भाषेचे अभ्यासक म्हणतात.

पण व्याकरण राहू दे. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाई म्हणायच्या, “आमच्याकडे गौरीला पुरणच लागतं.” एक वर्ष गेलं, दोन गेली. तिसऱ्या गौरीला म्हणाल्या, “आपल्याकडे डाळ जरा जास्त भिजवतात.” मी हातातली परात खाली ठेवून त्यांच्याकडे बघत राहिले. त्यांना काय झालं ते कळलंही नाही.

तुमच्या शेजारच्या मामा पुढे कधी ‘युमी’ म्हणाल्या का?

---

वाटसरू

माहिती छान. ते लोक पायाला वेली बांधून मनोऱ्यावरून उड्या मारतात तो हाच देश ना? तो स्वातंत्र्यदिनाच्या सोहळ्याचा भाग आहे का?

---

सागरगोटा

@वाटसरू, देश हाच, पण ३० जुलैशी त्याचा संबंध नाही. त्याला नाघोल म्हणतात आणि तो फक्त पेन्टेकॉस्ट बेटाच्या दक्षिण भागातल्या सा भाषा बोलणाऱ्या लोकांचा. वेळ एप्रिल ते जून, यामची म्हणजे त्यांच्या कंदाची नवी काढणी होते तेव्हा. उडी चांगली पडली तर पुढचं पीक चांगलं येतं असं मानतात.

मनोरा वीस-तीस मीटर उंच, सगळा लाकडाचा आणि वेलींनी बांधलेला. प्रत्येकाच्या वजनाप्रमाणे आणि उडीच्या उंचीप्रमाणे वेलीची लांबी ठरते. मोजायला कुठलं यंत्र नाही, जाणत्यांची नजर. उडी मारणाऱ्याच्या पायाखालची फळी मुद्दाम अशी बांधतात की वेल ताणली गेली की ती मोडून खाली झुकते आणि झटका तिथे जिरतो. वेल रसरशीत असायला हवी. १९७४मध्ये इंग्लंडच्या राणीच्या भेटीसाठी ही उडी हंगाम सोडून फेब्रुवारीत ठेवली. वेली तयार नव्हत्या. एक तुटली आणि तो माणूस गेला. ज्या गोष्टीला ऋतू आहे ती पाहुण्यांच्या सोयीने करायला लावली, त्याची ही किंमत. मला ही हकिगत आठवली की आजही वाईट वाटतं.

मूळ कथा एका बाईची आहे. नवऱ्याच्या जाचाला कंटाळून ती वडावर चढली, तोही मागे चढला. तिने उडी मारली, त्यानेही मारली. तिने पायाला वेल बांधली होती, त्याने नव्हती. आणि आज त्या मनोऱ्याजवळ बायकांना जाता येत नाही. त्या लांब उभ्या राहून गातात आणि नाचतात.

@ओसरी, तुमच्या प्रश्नाचं उत्तर सवडीने लिहिते. घाईत लिहिण्यासारखं नाही.

---

तिरफळ

नारळाच्या दुधात काय शिजवता ते सांगितल्याशिवाय हा धागा पुढे सरकायला नको!

---

सागरगोटा

सिम्बोरो! कच्ची केळी किंवा कंद किसायचे, त्याचा मुटका ‘आयलन काबिस’च्या पानात गुंडाळायचा आणि नारळाच्या दुधात शिजवायचा. नावात कोबी असला तरी ती भाजी आपल्या भेंडीच्या कुळातली आहे, शिजली की तशीच बुळबुळीत होते. इथे मी अळूची पानं घेते, आमसुलाच्या पाण्यातून काढून. आजेसासूबाई होत्या तोवर म्हणायच्या, ही अळूवडी तळायची राहिली आहे.

राष्ट्रीय पदार्थ मात्र लापलाप. याम, तारो किंवा केळी किसून त्याचा लगदा केळीसारख्या रुंद पानांवर थापतात, वर नारळाचं दूध, कोंबडी नाहीतर मासा, मग पानं मिटून, खाली-वर तापवलेले दगड ठेवून पुरतात. पानाचा वास लगद्यात उतरतो. कोकणात पानगी खाल्लेल्या माणसाला तो वास ओळखीचा वाटेल. किसायला काटेरी पृष्ठभागाची देठं वापरायची जुनी रीत आहे. हल्ली पत्र्याच्या किसण्या आल्यात. ३० जुलैच्या आदल्या संध्याकाळी आमच्या गल्लीत सगळ्या अंगणांतून दगड तापवल्याचा धूर असायचा.

---

ठिपका

वाळूवर बोटाने चित्र काढतात ते वानुआतूचंच ना? आमच्या शेजारी तमिळ कुटुंब होतं. त्या काकू ठिपक्यांभोवती एकच रेघ फिरवत कोलम काढायच्या, ती रेघ कुठे सुरू झाली ते शोधूनही सापडायचं नाही. आपल्या ठिपक्यांच्या रांगोळीत ठिपके जोडतात, त्यांच्यात ठिपके कोंडतात. वानुआतूची चित्रं पाहिली तेव्हा मला त्या काकूच आठवल्या.

---

सागरगोटा

@ठिपका, अगदी बरोबर जागी बोट ठेवलंत. बिस्लामात त्याला ‘सँडरोइंग’ म्हणतात. युनेस्कोने २००३मध्ये त्याचा गौरव केला आणि २००८पासून ते मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत आहे. आधी बोटाने आडव्या-उभ्या रेघांची जाळी किंवा ठिपके काढायचे. मग एका बोटाने, बोट न उचलता, शक्यतो त्याच रेघेवरून पुन्हा न जाता सगळी आकृती पुरी करून सुरुवातीला परत यायचं. कासव, फूल, सुळा, एखादी गोष्ट, नात्यांची मांडणी, सगळं त्यात असतं. वेगवेगळ्या भाषांच्या मधल्या बेटांवर हे एकमेकांना निरोप देण्याचंही साधन होतं. आपण बाहेर गेलो आहोत हे दाराशी वाळूत काढून ठेवायचं.

मालेकुला बेटाच्या नैऋत्य भागातली एक समजूत ऐका. माणूस मेला की त्याचा आत्मा मृतांच्या गावाकडे निघतो. वाटेत एका खडकाजवळ तेमेस नावाची राक्षसीण बसलेली असते, तिच्यासमोर वाळूत एक आकृती. वाट त्या आकृतीच्या मधून जाते. आत्मा जवळ आला की ती आकृतीचा अर्धा भाग पुसून टाकते. जिवंतपणी तो शिकला असेल तर उरलेली रेघ पुरी करतो आणि पुढे जातो. शिकला नसेल तर ती त्याला खाते.

ही समजूत आणि तिथल्या कितीतरी आकृत्या लिहून ठेवल्या बर्नार्ड डीकन या केंब्रिजच्या तरुण अभ्यासकाने. १९२७मध्ये, परतायच्या बेतात असताना, तिथेच तापाने तो गेला. वय २४. रोगराईने गावंच्या गावं ओस पडत होती, त्या काळात तो घरोघर बसून या रेघा उतरवून घेत होता. त्याच्या वह्या नसत्या तर कितीतरी आकृत्या त्या काढणाऱ्यांबरोबरच गेल्या असत्या.

---

दीपमाळ

धागा आवडला, पण एक राहून जातंय. ३० जुलै १९८०ला सगळेच ‘आपण’ नव्हते. त्या दिवशी देशातलं सर्वांत मोठं बेट, एस्पिरितू सान्तो, बंडखोरांच्या ताब्यात होतं. जिमी स्टीव्हन्स हा त्यांचा नेता, संघटनेचं नाव नाग्रियामेल. त्यांनी ‘वेमाराना’ नावाचं वेगळं राष्ट्र जाहीर केलं होतं. फ्रेंच वसाहतवाल्यांचा पाठिंबा आणि अमेरिकेतल्या काही धनिकांची मदत होती. ब्रिटिश-फ्रेंच सैनिक येऊनही हातावर हात धरून बसले. शेवटी स्वातंत्र्यानंतर लिनींनी पापुआ न्यू गिनीचं सैन्य बोलावलं आणि ऑगस्ट संपता संपता बंड मोडलं. स्टीव्हन्सचा मुलगा त्यात मारला गेला. बाहेरच्या पत्रकारांनी याला ‘नारळयुद्ध’ असं नाव दिलं. ज्यांची माणसं गेली त्यांना ते नाव कसं वाटलं असेल?

आणि आयलन ड्रेस हा मूळचा मिशनऱ्यांनी अंगावर चढवलेला झगा. त्याला परंपरा म्हणायचं का?

---

सागरगोटा

@दीपमाळ, हे लिहिलंत ते बरं केलंत. मी टाळलं नव्हतं, पण लिहिलं नव्हतं हे खरं. भर एकच घालते. नाग्रियामेलची सुरुवात वेगळं राष्ट्र मागण्यासाठी झालेली नव्हती. १९६०च्या दशकात परदेशी मळेवाले कुरणांसाठी जंगलात आत आत घुसत होते, त्या जमिनी मूळ लोकांना परत मिळाव्यात म्हणून ती उभी राहिली. नावसुद्धा दोन झाडांच्या पानांवरून घेतलं, नागरिया आणि नामेले. म्हणजे बंडखोरांच्या नावात आणि देशाच्या झेंड्यात एकच पान आहे. स्टीव्हन्स १९९१पर्यंत तुरुंगात होता. सान्तोत लुगानव्हिलला आम्ही आठवडाभर राहिलो होतो. तिथली वयस्क माणसं या विषयावर हळू आवाजात बोलतात. २९ नोव्हेंबरला देशभर ‘एकता दिन’ पाळतात, तो उगीच नाही.

ड्रेसबद्दल मला तुमचं म्हणणं पटत नाही. कुणी आणला हे खरंच आहे, आणि तो आणताना बेटांवरच्या बायकांच्या आपल्या पोशाखाला पाप ठरवलं गेलं हेही खरं. पण आज ते कापड कुठल्या बेटाचं, बाजूचा पदर कसा कापला, फिती कुठे लावल्या, यावरून बायका एकमेकींना ओळखतात. लग्नात, मर्तिकात, स्वातंत्र्यदिनी तोच. नऊवारीला जरीचा काठ कुठून आला हे विचारून आपण ती नेसायची थांबत नाही.

---

देवराई

नामेलेच्या पानाबद्दल थोडं. हे पान शांततेचं आणि निषेधाचंही. गावचा मुखिया जिथे नामेलेचं पान रोवतो तिथे ‘तापू’ लागतो. त्या खडकावर मासे धरायचे नाहीत, त्या रानातले नारळ तोडायचे नाहीत, ठरलेली मुदत संपेपर्यंत. कागद नाही, शिक्का नाही. आमच्या सिंधुदुर्गातल्या राईत सुकलेली काटकीसुद्धा उचलत नाहीत, त्यामुळे मला हे समजवावं लागलं नाही.

जमिनीचंही तसंच. वानुआतूच्या राज्यघटनेत लिहिलं आहे की देशातली सगळी जमीन मूळ वहिवाटदारांची आणि त्यांच्या वंशजांची. परक्यांना ती भाडेपट्ट्याने मिळते, मालकीने नाही. स्वातंत्र्याबरोबर मळ्यांची मालकी संपली. माझ्या मते त्या दिवसाची सर्वांत मोठी गोष्ट हीच, झेंडा नंतर.

---

फिजीकर

मी फिजीच्या राजधानीत, सुव्यात राहतो, मूळचा पुण्याचा. आमच्याकडे फिजी डे १० ऑक्टोबरला असतो. १८७४मध्ये याच तारखेला फिजीच्या सरदारांनी बेटं इंग्लंडच्या राणीला लिहून दिली आणि १९७०मध्ये याच तारखेला स्वातंत्र्य मिळालं.

क्वीन्सलंडचं वाचून गिरमिट, म्हणजे इथल्या मजुरीचा ‘अ‍ॅग्रीमेंट’, आठवलं. १८७९ ते १९१६ या काळात साठ हजारांवर भारतीय इथे उसावर आणले गेले, बहुतेक उत्तर प्रदेश-बिहारचे आणि दक्षिणेतले. वानुआतूतून माणसं ऑस्ट्रेलियाच्या उसावर, भारतातून फिजीच्या उसावर. आणि दोन्हीकडे मळ्यावर नवी भाषा जन्मली, इकडे फिजी हिंदी, तिकडे बिस्लामा. फिजियन भाषेतही ‘केदा’ म्हणजे आपण आणि ‘केइमामी’ म्हणजे आम्ही. पण इथे गिरमिटियांची पणतवंडंही अजून विचारतात की आम्हाला ‘केदा’त कधी धरणार. तिथे मळ्यावरच्या भाषेने सगळ्यांना एका शब्दात बसवलं, इथे ते झालं नाही. हा धागा वाचून सकाळपासून तेच मनात आहे.

---

वाटसरू

२३ जुलै २०२५ला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने हवामानबदलावर मत दिलं. वातावरण जपणं हे देशांचं कायदेशीर कर्तव्य आहे आणि ते मोडलं तर नुकसानभरपाईची जबाबदारी येऊ शकते, असं एकमताने. हे प्रकरण न्यायालयात नेण्यात वानुआतू पुढे होता. त्याची सुरुवात २०१९मध्ये पोर्ट व्हिलातल्या विद्यापीठाच्या आवारात कायदा शिकणाऱ्या मुलांनी केली. मत देणाऱ्या न्यायाधीशांत आपले दलवीर भंडारीही होते. तीन लाखांचा देश! पंचेचाळिसाव्या स्वातंत्र्यदिनाच्या एक आठवडा आधी.

---

सागरगोटा

@वाटसरू, ती बातमी आली तेव्हा मी स्वयंपाकघरात होते आणि मला रडू आलं. डिसेंबर २०२४च्या भूकंपात आमच्या ओळखीच्या किती इमारती पडल्या ते फोटोंतून पाहिलं होतं. २०१५च्या पाम वादळाच्या खुणा आम्ही राहत होतो तेव्हाही जागोजागी दिसायच्या.

@ओसरी, आता तुमचं उत्तर.

आमच्या शेजारच्या मामांचं आंबाए बेट म्हणजे समुद्रातून वर आलेला एक ज्वालामुखीच. सप्टेंबर २०१७मध्ये तो जागा झाला आणि सरकारने सगळं बेट रिकामं केलं. अकरा हजार माणसं, काही दिवसांत, होड्यांनी आणि जहाजांनी. शेजारच्या बेटांवरच्या लोकांनी त्यांना शाळांत, चर्चमध्ये, घरांत घेतलं. काही पोर्ट व्हिलात नातेवाइकांकडे आले. मामांच्या दोन खोल्यांत चौदा माणसं राहत होती. आम्ही आमची एक खोली उघडून दिली. त्यात विशेष काही नव्हतं, कुणीही केलं असतं. महिनाभराने माणसं परत गेली.

जुलै २०१८मध्ये राखेचा पाऊस पुन्हा सुरू झाला. बागा राखेखाली गेल्या, पाण्यात राख. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात पुन्हा बेट सोडण्याचा हुकूम निघाला. आणि तीन-चार दिवसांवर स्वातंत्र्यदिन. मामांची बहीण या वेळी येताना दुसरं काही न आणता केवड्याच्या पानांच्या चटया घेऊन आली होती. आंबाएच्या बायका त्या विणतात, केळीच्या सोपटातून कापलेले नमुने त्यावर बांधतात आणि लाल रंगात बुडवतात. लग्नात, देण्याघेण्यात, माणूस गेल्यावर, सगळीकडे चटया लागतात. त्यांच्या घरचं सोनंच ते. ती भिंतीला टेकून बसलेली असायची, चटया मांडीवर.

मला वाटलं, यंदा कोण जातंय पार्कात. २९च्या संध्याकाळी मी भात घेऊन गेले. अंगणात दगड तापत होते. लापलापची पानं धुऊन ठेवली होती. मी काही विचारायच्या आधी मामा म्हणाल्या, “तुमोरो युमी गो. सिक्स ओक्लोक.”

मी मान हलवली आणि पानं पुसायला बसले.

दुसऱ्या दिवशी त्या बहिणीने माझ्या हातात एक चटई दिली. मी नको म्हटलं. मामांनी डोळ्यांनी सांगितलं, घे. तीच ही, जी आज बैठकीत अंथरली आहे.

---

ओसरी

वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. सासूबाईंना फोन केला.

---

तिरफळ

पुढच्या जुलैत जायचं मनात आहे, दोघं आणि आई. काय लक्षात ठेवू?

---

सागरगोटा

@तिरफळ, २४ जुलैच्या आधी पोचा, बालदिन चुकवू नका. आईंसाठी समुद्रकाठच्या बाजारात आयलन ड्रेस घ्या. तिथे विकणाऱ्या सगळ्या मामाच असतात, त्या आईंना अंगाला लावून बघितल्याशिवाय देणार नाहीत. आई शाकाहारी असतील तर केळ्याचा साधा लापलाप मागा, मिळतो.

संध्याकाळी नाकामालमध्ये, म्हणजे कावा पिण्याच्या जागी, कावा पिणार असाल तर आधी फार जेवू नका. एका झाडाच्या मुळांचं पेय, रंग पावसाळी ओढ्यासारखा, जीभ बधिर होते. एका दमात प्यायचा असतो, नंतर तोंड चाळवायला काहीतरी देतात, त्याला ‘वॉशेमाओत’ म्हणतात. तिथे मोठ्याने बोलत नाहीत, दिवाही मंदच असतो. पोर्ट व्हिलात बायका कावा पितात, तान्ना बेटावर मात्र बायकांना नाकामालमध्ये मज्जाव आहे, तिकडे गेलात तर आधी विचारा.

भूकंपानंतर गावाच्या मध्यभागी अजून बरंच काम चालू असेल, राहायची जागा ठरवताना विचारून घ्या. आणि ३० तारखेला सकाळी सहाला निघा, उशीर झाला तर पार्कात उभं राहायलाही जागा मिळत नाही. परत आल्यावर इथे लिहा. सँडरोइंग काढणारं कुणी भेटलं तर @ठिपका यांच्यासाठी फोटो नक्की काढा, पण आधी परवानगी घेऊन. काही आकृत्या ठरावीक घराण्यांच्या असतात.